सासू विद्यार्थिनी, सून शिक्षिका: फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचं प्रकरण

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. ८ मार्च २०१६ला, महिला दिनाचं निमित्त साधून, तिथे एक शाळा सुरू झाली. पटावर तीसच्या आसपास नावं, सगळ्या बायका, वयं साठ ते नव्वद. अंगावर गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी आणि पेन्सिल. वेळ दुपारी दोन ते चार. शिकवायला गावातलीच तिशीतली एक सून, आणि समोर बसलेल्या विद्यार्थिनींमध्ये तिची स्वतःची सासू. कल्पना गावच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची. साड्या, दप्तरं, पाट्या यांसाठी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हात पुढे केला. नाव साधंच ठेवलं, आजीबाईंची शाळा.

वर्षभरात या शाळेचे फोटो जगभर पोचले. गुलाबी पदर, सुरकुतलेली बोटं, पाटीवर मोठ्या मेहनतीने काढलेला ‘अ’. शिकायला वय आड येत नाही, असा कौतुकाचा सूर बहुतेक बातम्यांत होता. ते खरंच आहे. पण मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते फोटोत मावणारं नाही, कारण ते शाळेपेक्षा जास्त घरांत घडतं. रोज दुपारी दोन तास घरातली म्हातारी बाई कुणाच्याही कामाला हजर नसते आणि ते घराने मान्य केलेलं असतं. सासूला अडलेलं अक्षर सुनेला विचारावं लागतं. नातवाला आजीचा गृहपाठ बघावा लागतो. तीन पिढ्या एका छपराखाली आपल्याकडे पूर्वीपासून नांदत आल्या आहेत. त्या एकमेकींशी कशावरून बोलतात, यात मात्र फांगण्याने नवीन भर घातली. ती कशी पडली हे उलगडून बघायला हवं, कारण त्यातलं बरंचसं दुसऱ्या गावांना उचलता येईल.

यांची शाळा कुठे चुकली

२०१६मध्ये सत्तर वर्षांची असलेली बाई जन्मली १९४६च्या सुमारास. तिने पहिलीत बसायला हवं होतं ते १९५२-५३मध्ये. १९५१च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांमध्ये नऊजणींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. १९६१मध्ये हे प्रमाण जेमतेम पंधरा टक्क्यांवर गेलं. मुरबाडसारख्या भातशेतीच्या मुलखात मुलीचा दिवस आधीच भरलेला असायचा. उन्हाळ्यात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजून तयार करायला, पालापाचोळा गोळा करणं, पावसाळ्यात लावणी, नंतर कापणी-झोडणी, आणि बारा महिने पाणी, गुरं, कडेवरचं धाकटं भावंड. भावाला शाळेत धाडलं आणि बहिणीला घरी ठेवलं, तर त्यात काही अन्याय होतोय असं त्या काळात बहुतेक घरांना वाटलंसुद्धा नाही. मग लवकर लग्न, आणि सासरी पुन्हा तेच काम.

पुढे सरकारने प्रौढांना शिकवायचं मनावर घेतलं. महाराष्ट्राची कामगिरी तर अभिमान वाटावा अशी आहे. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तिने अख्खं गाव हाच वर्ग मानला आणि पुढे ती राज्यभर पसरली. पण अशा मोहिमा येतात, ओसरतात, आणि ज्या बाईला त्या वर्षी तान्हं मूल असतं तिच्या दारावरून निघून जातात. १९८८मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं ते १५ ते ३५ हा वयोगट डोळ्यांपुढे ठेवून. पैसा मोजका होता आणि तो कमावत्या वयावर खर्चावा असा हिशेब होता. या हिशेबात तेव्हा छत्तिशीत पोचलेली बाई सुटली. २०१६मध्ये ती चौसष्ट वर्षांची होती, म्हणजे नेमकी आजीबाईंच्या शाळेच्या पटावर शोभणारी. २००९च्या साक्षर भारत कार्यक्रमाने वरची वयोमर्यादा काढली आणि बायकांवर भर दिला, तोवर ती सत्तावन्नची झाली होती आणि आता आपलं काय राहिलंय, हे तिने मनाशी पक्कं केलेलं होतं. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांत शंभरातले सुमारे ५९ साक्षर होते, बायकांत २८.

हे आकडे एका घरात आणून ठेवले की त्यांचा खरा अर्थ कळतो. म्हाताऱ्याला निदान सही येते. मुलगा दहावी-बारावी झालेला. सून दहावीपर्यंत शिकलेली. नातू सेमी-इंग्रजीत. त्या घरात कागद वाचता न येणारी एकच व्यक्ती असते, आणि तिला दिवसातून चार वेळा कुणाला तरी म्हणावं लागतं, ‘बाळा, हे बघ ना काय लिहिलंय.’ गोळ्यांच्या पाकिटावर काय आहे, लाइटबिल किती आलं, श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, मोबाइलवर कुणाचा फोन येऊन गेला. प्रत्येक विचारणं अगदी बारकं. ज्याला विचारलं तो बहुतेकदा सांगतोही. पण सांगणाऱ्याच्या हातात दुसरं काम असतं, त्याचा आवाज किंचित चढतो, आणि पुढच्या वेळी ती विचारायचं टाळते. म्हाताऱ्या माणसाचा घरातला मान एखाद्या मोठ्या भांडणात गेला असं क्वचितच होतं. तो या रोजच्या विचारण्या-टाळण्यात झिजतो.

घराबाहेरही हेच. राज्य सरकारने २६ ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्या लोकांना एसटीचा प्रवास मोफत केला. मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही निर्णय चांगलेच. तरीही पाटी न वाचता येणारी बाई कल्याणच्या किंवा मुरबाडच्या स्टँडवर उभी राहिली की गाडी लागली का, हे तिला शेजारच्याला विचारावं लागतं, आणि चुकीच्या गाडीत बसण्याच्या धास्तीने ती एकटी निघतच नाही. तिकीट माफ झालं, सोबतीची गरज तशीच राहिली.

पोथी वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या

शाळेचं मूळ एका हळहळीत आहे. २०१६च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने गावात पोथीचं वाचन चाललं होतं. वाचणाऱ्या बायका तरुण, ऐकणाऱ्या वयस्कर. आपल्यालाही असं वाचता आलं असतं तर, असं त्या म्हाताऱ्या बायका बोलल्या आणि ते बांगर गुरुजींच्या कानी पडलं. त्यांनी ते मनावर घेतलं आणि महिनाभराच्या आत शाळा उघडली.

या घाईचं मला फार महत्त्व वाटतं. सर्वेक्षण, प्रस्ताव, मंजुरी, उद्घाटनाला पाहुणे या वाटेने कल्पना गेली असती तर बायकांच्या मनातली ती ऊब निवली असती आणि मग त्यांना समजावून, आग्रह करून वर्गात आणावं लागलं असतं. इथे मागणी त्यांचीच होती आणि ती ताजी असतानाच दार उघडलं.

मागणी कसली होती तेही बघा. बँकेचा फॉर्म भरता यावा म्हणून कुणी हळहळत नव्हतं. त्यांना पोथी वाचायची होती. आपण प्रौढ शिक्षणाच्या पुस्तिकांमध्ये खतांची नावं, लसीकरणाच्या तारखा, बचत गटाचे हिशेब घालतो. उपयोगाचं तेच शिकवावं असा आपला आग्रह असतो. सत्तरीच्या बाईने आयुष्यभर उपयोगाचंच केलेलं असतं. तिला आता शिकायचं आहे ते गावाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, ग्रंथ पुढे घेऊन बसण्यासाठी. त्या जागेला गावात मान आहे आणि तो तिला हवा आहे. ही इच्छा नीट ऐकली, म्हणून शाळा चालली.

दुपारी दोन ते चार

गावाकडे दुपारी दोनला म्हातारी बाई रिकामी असते, असं शहरातल्या माणसाला वाटू शकतं. ती रिकामी नसते, ती हाताशी असते. सून शेतावर गेली तर नातवंडं तिच्यापाशी. वाळवण राखायचं तिने, कोंबड्यांकडे बघायचं तिने, तांदूळ निवडायचे तिने, कुणी आलं तर पाणी द्यायचं तिने. यातलं एकही काम मोठं नाही, त्यामुळे ते काम म्हणून मोजलं जात नाही. मात्र त्यामुळेच तिला स्वतःचा असा वेळ कधी मिळत नाही.

शाळेने या दुपारवर हक्क सांगितला. गणवेश आहे, वेळ ठरलेली आहे, शेजारची आणि पलीकडची आजी दप्तर घेऊन निघालेली दिसते आहे. अशा वेळी ‘आज थांब जरा, बाळाकडे बघ’ असं म्हणायला घरातल्यांनाही अवघड जातं. तीन-चार घरांनी असं केलं असतं तर वर्ग पहिल्या महिन्यातच फुटला असता. पण एकाच वेळी तीसजणी निघाल्या की त्याला गावाच्या रिवाजाचं बळ येतं. भजनी मंडळाला किंवा एकादशीच्या वारीला जाणाऱ्या बाईला घर जसं अडवत नाही, तसं हे झालं. एकेकट्या आजीला घरी जाऊन शिकवायची कल्पना वरवर सोयीची वाटते, पण त्यात हे बळ कुठून येणार?

वेळ निवडतानाही समज दाखवली आहे. सकाळी चूल आणि पाणी, संध्याकाळी गुरं, दिवेलागण, पुन्हा चूल. मधला दोन ते चारचा पट्टाच काय तो मोकळा करता येण्याजोगा. वयाच्या मानाने दोन तास सलग बसणंही पुरे झालं. गुडघे, कंबर, लघवीला वारंवार उठावं लागणं, दुपारची डुलकी हे सगळं धरूनच हा वर्ग असतो.

सून वर्गात उभी राहते तेव्हा

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

मराठी घरात सासू-सुनेचं नातं ज्ञानावर उभं असतं, हे आपल्या फारसं ध्यानात येत नाही. नवी सून येते तेव्हा तिला घर ठाऊक नसतं. मीठ किती, कुळाचार कोणता, कोणत्या देवाला कधी काय ठेवायचं, कोणत्या भावकीशी बोलायचं आणि कुणाशी नाही, हे सगळं सासूला माहीत असतं आणि तिची सत्ता त्यातूनच येते. वीस वर्षांत हे पारडं फिरतं. रेशनकार्ड ऑनलाइन झालं, शाळेचे निरोप व्हॉट्सअॅपवर आले, दवाखान्याचे कागद वाढले, आणि हे सगळं येतं सुनेला. सासूचं ज्ञान जुनं ठरतं, सुनेचं ज्ञान रोज लागतं. पण हे सत्तांतर कुणी उघड बोलत नाही. ते मग स्वयंपाकघरातल्या टोमण्यांतून बाहेर येतं. सासू मिठावरून बोलते, सून गोळ्या चुकवल्यावरून बोलते, आणि दोघींनाही ठाऊक असतं की भांडण मिठाचं नाही आणि गोळ्यांचंही नाही.

फांगण्याच्या शाळेने हे उलटलेलं पारडं उघड्यावर आणलं आणि त्याला एक मानाची जागा दिली. सुनेला जे जास्त येतं ते आता टोमण्याचं निमित्त उरत नाही, ते शिकवण्याचं कारण होतं. वर्गात ती बाई आहे. बाईंना नमस्कार करायचा, बाईंनी विचारलं की उत्तर द्यायचं, हे नियम गावाला आपल्या मुलांच्या शाळेवरून पाठ आहेत, त्यामुळे त्यात सासूचा अपमान कुणालाच दिसत नाही. चारला शाळा सुटली की सून पुन्हा सून आणि सासू पुन्हा सासू. दोन वेगळ्या जागा आणि दोन वेगळ्या वेळा असल्यामुळे हे जमतं. तीच सून चुलीपाशी बसून सासूला अक्षरं गिरवायला लावू लागली तर महिन्याभरात पाटी फुटेल.

बाहेरचा पगारी शिक्षक आणला असता तर? तो कदाचित जास्त शिकलेला असता, शिकवण्याचं तंत्रही त्याला जास्त आलं असतं. पण साठ-सत्तरीची बाई परक्या पुरुषापुढे चुकायला लाजते. गावच्या सुनेपुढे चुकणं सोपं असतं, कारण ती सून आज्यांच्या देखत उंबऱ्याचं माप ओलांडून या गावात आलेली असते. तिच्या बाळंतपणात यातल्याच कुणीतरी तिला शेक-शेगडी दिलेली असते. ज्यांनी तिला शिकवलं त्याच बायका आता तिच्याकडून शिकतात, आणि या फेडीत दोन्ही बाजूंना समाधान असावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. अशा शाळेचा सगळा डोलारा एका तरुण बाईच्या दुपारींवर उभा असतो. तिलाही घर आहे, मुलं आहेत, शेत आहे. म्हाताऱ्या बायकांचा वेळ मोकळा करताना तरुण बाईचा वेळ गृहीत धरला गेला, तर आपण एका पिढीवरचं ओझं उचलून दुसऱ्या पिढीच्या डोक्यावर ठेवलं इतकंच होईल. कौतुकाच्या बातम्यांमध्ये हा विचार मला जवळपास दिसला नाही. दुसऱ्या गावाने ही शाळा उभी करायची ठरवली, तर साड्यांच्या खर्चाआधी शिकवणाऱ्या सुनेचं मानधन ठरवावं, आणि तिची मुलं त्या दोन तासांत कुणाकडे राहतील हेही.

नातवंडांकडे आजीचा गृहपाठ

फांगण्यात आज्या घरी गेल्यावर नातवंडं त्यांचा अभ्यास घेतात. दुसरी-तिसरीतलं मूल आणि आजी जवळपास एकाच इयत्तेत असतात. मूल आजीला रागावतं, तिचं वळण चुकलं की पुसतं, पुन्हा काढायला लावतं. आपण मुलांना ‘आजीशी बोल’ म्हणून सांगतो आणि मूल पाच मिनिटांत कंटाळतं, कारण बोलायला दोघांत समाईक काही उरलेलं नसतं. एका घरात पाटी दोघांची झाली की विषय आपोआप मिळतो.

आणि मुलाला यातून आणखी एक मोठी गोष्ट मिळते. त्याच्या आयुष्यात त्याच्यापेक्षा कमी येणारं माणूस बहुधा नसतंच. शाळेत गुरुजी, घरी आई-बाप, सगळे त्याला सांगणारे. इथे एक मोठं माणूस त्याच्यापुढे चुकतं, हसतं आणि पुन्हा प्रयत्न करतं. चुकणं म्हणजे लाज नव्हे, हे शिकवायला याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही.

देणं-घेणं एकाच दिशेने राहू नये, एवढी एक भर मी इथे सुचवेन. या आज्यांच्या पिढीला अक्षर येत नव्हतं, पण साहित्य येत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्या गाणाऱ्या बहुतेक बायका कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. मुरबाडच्या आजीच्या तोंडी लावणीची गाणी असतील, लग्नातली असतील, म्हशाच्या जत्रेच्या आठवणी असतील. नातवाने आजीला अक्षर शिकवावं आणि आजीने सांगितलेली ओवी नातवाने वहीत उतरवून घ्यावी. मग त्या वहीतली स्वतःची ओवी आजीने वाचावी. पाठ असलेला मजकूर पहिल्या वाचनाला सर्वांत सोपा पडतो, हे प्राथमिक शिक्षक अनुभवाने सांगतील.

डोळे, बोटं, सही

मोठ्या वयात अक्षर उशिरा बसतं, याचं खापर आपण बुद्धीवर फोडतो. पहिला अडथळा डोळ्यांचा असतो. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, पण ज्या बाईने कधी वाचलंच नाही तिला ते कळतसुद्धा नाही. सुई ओवायची वेळ आली की ती नातीला हाक मारते, एवढंच. म्हणून पाटीच्या आधी नंबरचा चष्मा आणि मोतीबिंदूची तपासणी व्हायला हवी. मग बोटं. विळा-खुरप्याची सवय असलेल्या हाताला पेन्सिलीची नाजूक पकड जड जाते. मोठी पाटी, जाड खडू, हात भरून काढलेलं अक्षर, असंच जावं लागतं.

आता सहीबद्दल. या शाळेच्या यशाची खूण म्हणून सहीचं नाव सारखं घेतलं जातं. अंगठा सुटला, सही आली. बँकेच्या काउंटरवर, सगळ्यांच्या समोर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवण्याची शरम ज्या बाईने चाळीस वर्षं सोसली, तिच्यासाठी ही सही फार मोठी आहे. तिची किंमत मी तसूभरही कमी करणार नाही. पण सही चित्रासारखीही गिरवता येते. आपल्या नावाची चार अक्षरं हुबेहूब काढणाऱ्या बाईला तीच अक्षरं दुसऱ्या शब्दात ओळखता येतातच असं नाही. जनगणनेतही समजून वाचता आणि लिहिता येणाऱ्यालाच साक्षर धरतात. त्यामुळे सहीवर शाळा थांबली तर पोथी वाचायची मूळ इच्छा अर्धीच राहते. त्यात भर म्हणजे आता रेशनच्या दुकानात आणि ‘बँक मित्रा’कडे, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीकडे, यंत्रावर बोट टेकवावं लागतं. आयुष्यभर माती आणि पाण्यात काम करून बोटांच्या रेषा झिजल्या की ते बोट यंत्राला पटत नाही. अंगठ्याची शरम सुटते न सुटते तोच अंगठ्याने पुन्हा अडवलं आहे.

आकड्यांचं मात्र वेगळं आहे. पायली, शेर, मापटं यांचा तोंडी हिशेब या बायकांना येतोच. नव्याने शिकायचं असतं ते फक्त आकड्याचं चिन्ह. शाळा सुरू झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि देशभरातल्या आज्यांच्या ट्रंकेतली, पदराच्या गाठीतली पुंजी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावी लागली. स्वतः बँकेत जाऊन स्लिप भरता येणाऱ्या बाईला तो पैसा आपला म्हणून राखणं सोपं गेलं असतं.

गुलाबी रंगाबद्दलही बोलायलाच हवं. उतारवयात, आणि नवरा गेल्यावर तर नक्कीच, आपल्याकडे बाईच्या अंगावरचे रंग हळूहळू विरत जातात. कुणी सांगत नाही, पण दुकानात गेल्यावर सून आपोआप फिकी साडी निवडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. त्याच्या सहा वर्षं आधी फांगण्यात, ठराव न करता, सधवा-विधवा सगळ्या आज्या एकाच गुलाबी रंगात रस्त्यावरून चालल्या. गणवेश म्हटल्यावर कुणी हरकत घ्यायची?

‘या वयात कशाला’ याचं उत्तर

हा प्रश्न प्रेमानेही विचारला जातो. साठ वर्षांच्या भारतीय बाईला सरासरी अजून अठरा-एकोणीस वर्षं आयुष्य असतं. पहिली ते बारावीला बाराच लागतात. एवढ्या काळाला ‘आता काय राहिलंय’ म्हणून टाकून देणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आपले कायदे म्हाताऱ्या माणसाचं पोट बघतात, आणि ते बघायलाच हवं. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७चा कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांसाठी मुलांना जबाबदार धरतो. श्रावणबाळ योजनेचे महिना सहाशे होते, ते २०१९मध्ये हजार आणि २०२३मध्ये दीड हजार झाले. या सगळ्यांत म्हातारं माणूस घेणारं असतं आणि बाकीचे देणारे. घरातलं त्याचं स्थान मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाच्या आदेशाने परत येत नाही. आजीबाईंच्या शाळेत आजीसुद्धा घेतेच, शिकून घेते. पण घेताना ती कष्ट करते आणि तिची प्रगती सगळ्यांना दिसते. गेल्या महिन्यात न येणारं अक्षर या महिन्यात तिला येतं. म्हातारपण म्हणजे फक्त उतरण, असं धरून चाललेल्या घराला रोज उलटा पुरावा मिळतो. घरातल्यांची नजर यानेच बदलत असावी, असा माझा तर्क आहे.

आता हे दुसरीकडे करायचं तर वाट पूर्वीपेक्षा सोपी आहे. उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. स्वयंसेवक म्हणून गावातली सून, कॉलेजात जाणारी नात, निवृत्त गुरुजी कुणीही नाव नोंदवू शकतं. शेवटी १५० गुणांची परीक्षा असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास. ती प्रत्येक आजीने द्यावीच असा हट्ट नको, पण जिला द्यायची आहे तिला केंद्रापर्यंत सोबत द्यावी. भाताच्या गावात वर्ग जूनमध्ये सुरू करू नये, कापणी-झोडणी आटोपली की दिवाळीनंतर करावा, म्हणजे पावसाळ्याआधी सलग सहा-सात महिने मिळतात. पहिल्या आठवड्यात डोळे तपासून घ्यावेत. बसायला सतरंजीबरोबर काही खुर्च्याही ठेवाव्यात. आणि वेळ ठरवायला बैठक घ्यायची ती ग्रामपंचायतीत घेऊ नये, पाणवठ्यावर किंवा देवळाच्या ओट्यावर घ्यावी, जिथे या बायका एरवीही बसतात आणि ‘मला दुपारी जमणार नाही’ असं मोकळेपणाने म्हणू शकतात.